तावडेबाईंची नोंदणी

या लेखातली सगळी नावं मी बदलली आहेत, एक सोडून. ते एक का बदललं नाही ते ओघात येईलच. तोवर मध्येच कुणी विचारू नका, मला मध्ये बोललेलं खपत नाही. आमच्या ऑफिसात हे सगळ्यांना माहीत आहे. तावडेबाईंना मात्र ते कधी कळलंच नाही, कारण त्यांच्यापुढे मला सलग चार वाक्यं बोलायची संधी मिळत नसे.

तावडेबाई परळच्या आमच्या धर्मादाय इस्पितळात समाजसेविका होत्या. समाजसेविका म्हटलं की लोकांना स्टेजवर हार घालून घेणारी बाई आठवते. आमचं काम तसलं नाही. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय आणि घरचे तयार नाहीत, पेशंट बरा झालाय आणि न्यायला कुणी येत नाही, गोळ्या घरी जातात पण पोटात जात नाहीत, अशी सगळी लफडी आमच्या टेबलावर येऊन पडतात. ती निस्तरायची आणि संध्याकाळी घरी जायचं. तावडेबाईंनी हे उभा जन्म केलं आणि एकदाही त्याला सेवा म्हटलं नाही. त्या 'काम' म्हणायच्या, आणि 'कामाला जाते' म्हणूनच घरून निघायच्या.

मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले ती कॉलेजातून फील्डवर्कसाठी. घर शिवाजी पार्कला, अंगात कडक इस्त्रीचा कुडता, बगलेत छापील प्रश्नावली. कुटुंबाची रचना, व्यसनं, नातेसंबंध, सगळं त्यात होतं. तावडेबाई त्यांच्या खोलीत होत्या. टेबलामागे खुर्ची होती, पण तिच्यावर फायलींचा ढीग. बाई बसल्या होत्या टेबलाच्या अलीकडे, एका लाकडी स्टुलावर, पेशंटच्या खुर्चीला लागून. मांडीवर वर्तमानपत्र आणि त्यावर गवार.

"काय गो, गवार मोडता येते?"

मी म्हटलं, "मी कॉलेजातून आलेय. फील्डवर्क."

"तां कळला. गवार मोडता येते काय?"

येत नव्हती. आमच्याकडे ते काम कामवाल्या बाई करायच्या. तावडेबाईंनी अर्धी गवार माझ्या मांडीवर ओतली, प्रश्नावली उचलून खुर्चीवरच्या ढिगात ठेवली, आणि शिरा कशा काढायच्या ते दाखवलं. ती प्रश्नावली मला परत मिळाली ती फील्डवर्क संपताना, जशीच्या तशी कोरी.

ही त्यांची रीत होती. सकाळी येताना बाजारातून निवडायला वेळ लागेल अशी भाजी आणायची. मेथी, गवार, वालाच्या शेंगा, फणसाच्या आठळ्यासुद्धा. समोर माणूस येऊन बसला की त्याच्यापुढे अर्धा ढीग सरकवायचा आणि बोलायचं ते भाजीकडे बघून. कुणाच्या घरी गेल्या तर चहाच्या आधी विचारायच्या, "काय निवडायचंय?" त्यांचं म्हणणं असं, की माणसाला समोर बसवून विचारलं की तो तुम्हाला आवडेल ते सांगतो. हात कामात आणि नजर खाली असली की मग त्याचं त्यालाच ऐकू येतं. तावडेबाईंच्या घरी रात्री शिजणारी भाजी अर्ध्या परळने निवडलेली असायची आणि त्यांना त्याचा काडीचाही संकोच नव्हता.

एकदा शीवच्या कोळीवाड्यात एका म्हातारीकडे गेलो होतो. हिराबाई तिचं नाव. मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेईना. डॉक्टरांनी समजावलं, मुलांनी समजावलं, मी समजावलं. 'भीती वाटते' एवढंच म्हणायची. तावडेबाई तिच्यासमोर फतकल मारून बसल्या आणि सुकट निवडायला घेतली. तास गेला असेल. बांगड्याचं कालवण, जावयाची दारू, कोणाची सून कशी, सगळं झालं. मी घड्याळ बघून बघून थकले. मग हिराबाई सुकटीकडेच बघत म्हणाली, "मी पडून राहिले की माझी बाजारातली जागा धाकटी घेईल." धाकटी म्हणजे धाकटी सून. भीती डोळ्याची नव्हतीच, भीती पाटीच्या जागेची होती. तावडेबाईंनी उठून धाकट्या सुनेला गाठलं नाही. त्या बाजारात गेल्या, हिराबाईच्या शेजारी बसणाऱ्या बाईला सांगितलं की इथे दुसरी कुणी बसता कामा नये, आणि दुसऱ्याच आठवड्यात ऑपरेशन झालं. परतताना मला म्हणाल्या, "वैशाली, हाताला वास येतोय काय बघ." येत होता, दोन दिवस गेला नाही.

डॉक्टरांशी त्या इंग्रजीत बोलत. "डॉक्टर, यू टेल फास्ट, दे हिअर स्लो." हे वाक्य ऐकलं नाही असा एकही डॉक्टर आमच्याकडे नसेल. कुणाला राग यायचा नाही. उलट मोठे सर्जन राउंडला निघाले की लांबून विचारायचे, "तावडेबाई, आज स्लो का?" लिफ्टला मात्र त्या कमालीच्या घाबरत. पाचव्या मजल्यावरचा वॉर्डही जिन्याने, आणि वर पोचल्यावर धापा टाकत सांगणार की जिन्यात चार माणसं भेटतात, लिफ्टमध्ये नुसते आकडे दिसतात. हे सगळं सारवासारव करणं होतं. बाईंना लिफ्टची भीती होती, बस्स.

आता परबांची गोष्ट. ती प्रत्येक नव्या मुलीला पहिल्याच दिवशी ऐकावी लागे, मीही गवार मोडता मोडता ऐकली. ती अशी.

परब लालबागच्या चाळीत राहणारे, वय पन्नाशीच्या आसपास, एका छापखान्यात नोकरी. त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. जिवावरचं टळलं, पण उजवा हात-पाय लुळा आणि जीभ जड. बोललेलं कुणाला कळेना. चाळीत तिसरा मजला, संडास बाहेर. कुठे ठेवायचं हा प्रश्न आला. तावडेबाई स्वतः मालवणकडच्या, आणि आमच्या गिरणगावात एक गोष्ट कुणी तपासून बघत नाही, ती म्हणजे कोकणातला माणूस गावाला नेला की बरा होतो. तिथली हवा, तिथलं पाणी, सकाळची पेज. तावडेबाईंनीच ते सुचवलं. बायको, भाऊ, चुलतभाऊ, सगळे खाटेभोवती उभे होते. बाईंनी मोठ्याने विचारलं, "परबानू, गावाक जावचा मां?" परबांची मान हलली. "मान हलली गो," बाई सांगायच्या, "खंयच्या बाजून हलली ता कोणी बघूकच नाय." म्हणजे हो म्हणून की नको म्हणून, हे कुणी पाहिलंच नव्हतं.

परबांना गावाला पाठवलं. काही महिन्यांनी एका सकाळी ते एकटेच तावडेबाईंच्या दारात उभे. खांद्याला रेक्झिनची पिशवी, पाय ओढत, गावाहून आलेल्या बसमधून उतरले ते थेट इस्पितळात. बाई घरची भाजी म्हणून वालाच्या शेंगा सोलत होत्या, कारण दुसरा वेळ मिळत नसे. परब खुर्चीत बसले. डाव्या हाताने एक शेंग उचलली, सोलायला बघितली, आणि शेंगेकडे बघत हळूहळू म्हणाले, "माका कोणी इचारूकच नाय."

परबांचा जन्म लालबागचा. गाव त्यांना माहीत होतं ते मे महिन्यातलं आणि गणपतीतलं, पाहुण्यासारखं. "मुंबईच्या आठवणीन कासावीस होऊन इलो बिचारो," बाई गोष्ट संपवायच्या. "माझीच चूक. तेव्हापासून चारचौघांत कुणाला काही विचारायचं नाही. आणि हात रिकामे ठेवून तर नाहीच."

पुढे परब मुंबईतच राहिले. भाच्याच्या इस्त्रीच्या दुकानात बसू लागले आणि गिऱ्हाइकांशी बोलून बोलून त्यांची जीभ सुटली. हा शेवट बाई फार खुशीत सांगत.

मी त्याच इस्पितळात नोकरीला लागले, त्यांच्याच खोलीत. वर्षं गेली. मग नोंदणीचं आलं. इस्पितळात हे काम करणाऱ्या प्रत्येकाने सरकारी परिषदेकडे नाव नोंदवायचं, नाहीतर पेशंटसमोर बसायचं नाही. माझ्यासारख्या पदवीवाल्यांचं सरळ झालं. तावडेबाईंकडे होती साधी बीए आणि एका संस्थेचा जुना कोर्स. ती संस्थाच आता नव्हती. अशा जुन्या अनुभवी लोकांसाठी वेगळी वाट ठेवली होती. सहा महिने एका नोंदणी झालेल्या माणसाच्या देखरेखीखाली काम करायचं, आठवड्यातून एक तास त्याच्याबरोबर बसून कामाची चर्चा करायची, आणि शेवटी समितीपुढे मुलाखत. मुलाखतीत आपल्या हातून चुकलेलं एक प्रकरण मांडायचं.

हे झालं नाही तर काय, तेही अधीक्षकांनी बाईंना सांगितलं. नोकरी जाणार नव्हती. कपड्यांच्या स्टोअरमध्ये एक जागा रिकामी होती, रिटायर होईपर्यंत तिथे बसायचं. चादरी, हिरवे गाऊन, धोब्याचा हिशेब. पगार तोच.

बाई खोलीत येऊन स्टुलावर बसल्या. मेथी होती त्या दिवशी. थोडी निवडली आणि त्यांचे हात थांबले. त्यांचे हात थांबलेले मी तोवर पाहिले नव्हते.

"स्टोअरात माका कोण येवन सांगतला गो?" त्या म्हणाल्या.

त्यांना त्या स्टुलावरून उठवणार ही कल्पनाच मला सहन होईना. मी चिडचिड करत परिषदेची नियमावली दोनदा वाचून काढली. देखरेख करायला नोंदणी झालेलं माणूस हवं होतं आणि आमच्या इस्पितळात तसं माणूस एकच होतं, मी.

मग सुरू झाले गुरुवार. दर गुरुवारी तीन वाजता तावडेबाई स्वतःच्या खोलीच्या बाहेर जाऊन उभ्या राहायच्या आणि दारावर टकटक करायच्या.

"मॅडम, येऊ का?"

"बाई, कृपा करा. असं नका करू."

"नियम आहे मॅडम."

आत येऊन स्टुलावर नाही, पेशंटच्या खुर्चीत बसायच्या. हात मांडीवर, पदर सावरलेला, तोंडावर शाळकरी पोरीचा भाव. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं आणि बाईंना मनातून उकळ्या फुटत असायच्या. चार वाजले की उठून स्टुलाकडे येणार आणि म्हणणार, "झाला? सरक आता गो."

पण त्या तासात त्यांनी चेष्टा केली नाही. जे विचारलं त्याची उत्तरं विचार करून दिली. एकदा मी धीर करून म्हटलं, "पेशंटच्या नातेवाइकांकडून आपली घरची भाजी निवडून घेणं नियमात बसत नाही." त्यांनी ऐकून घेतलं, मान डोलावली. सोमवारपासून त्यांनी फर्मान काढलं, ज्याने त्याने आपापली भाजी आणायची. मग लोक केसपेपर आणि भाजीची पिशवी घेऊन रांगेत उभे राहायला लागले. सुपरवायझर म्हणून मी परत विचारलं, हे काय? म्हणाल्या, "आता मी त्यांची भाजी निवडते, मॅडम. त्यात काय चुकलं?" यात काय चुकलं ते मला नियमावलीत सापडलं नाही.

भांडण झालं ते मुलाखतीवरून. चुकलेलं प्रकरण म्हणून बाई परबांची गोष्ट सांगणार होत्या. मी म्हटलं, त्यापेक्षा साधं काहीतरी सांगा, एखादा पेशंट परत आला नाही वगैरे. आजारी माणसाला न विचारता गावी पाठवलं असं समितीपुढे कशाला सांगायचं? आमची चांगलीच जुंपली. माझा आवाज बाहेर कॉरिडॉरपर्यंत गेला.

"वैशाली," बाई शांतपणे म्हणाल्या, "चुकलेला सांगा म्हणतत, आणि मी त्यातला बरा दिसणारा सांगू?"

शेवटी त्यांचंच चाललं. मुलाखतीच्या दिवशी बाईंनी ठेवणीतली साडी काढली होती आणि ऑफिस पहिल्या मजल्यावर होतं म्हणून त्या खुशीत होत्या. समितीत तिघं होते. एक निवृत्त प्राध्यापिका अध्यक्ष, एक डॉक्टर, आणि एक तरुण अधिकारी. देखरेख करणारी म्हणून मला मागे बसू दिलं, तोंड बंद ठेवायच्या अटीवर.

तावडेबाईंनी गोष्ट फक्कड सांगितली. मान हलली तिथे डॉक्टर हसले, शेंगेपाशी अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं. मला वाटलं, जिंकलो. मग प्राध्यापिकाबाईंनी विचारलं, आवाज अगदी मऊ, "ताई, परब हे त्यांचं खरं नाव?"

"हो."

"आणि ही गोष्ट तुम्ही विद्यार्थिनींना सांगता?"

"प्रत्येकीला. पहिल्या दिवशी."

"ती सांगू का, असं परबांना कधी विचारलंत?"

 न विचारता पाठवल्याची गोष्ट तावडेबाई इतकी वर्षं न विचारता सांगत होत्या. सहा महिने दर गुरुवारी मी समोर बसत होते आणि माझ्याही डोक्यात ते आलं नव्हतं.

"नाही," बाई म्हणाल्या.

समितीने नकार दिला नाही. पुढच्या बैठकीला परत या, मधल्या काळात तुम्हाला योग्य वाटेल ते करा, एवढंच सांगितलं. बाहेर आल्यावर मी फुटपाथवर उभी राहून त्या प्राध्यापिकेचा उद्धार केला. एवढ्याशा गोष्टीसाठी कुणी अडवतं का, हे म्हणजे अतीच झालं, वगैरे. बाई रसवाल्याच्या बाकड्यावर बसून उसाचा रस पीत होत्या.

"बाई बरोबर बोलली गो," त्या म्हणाल्या. "माका वायट वाटला, पण बरोबर बोलली."

परब अजून लालबागलाच होते. त्यांची चाळ पाडून तिथे टॉवर झाला होता आणि परबांची खोली आता चौदाव्या मजल्यावर होती. तावडेबाईंनी खालून वर बघितलं, मग जिन्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी म्हटलं, हे वय आहे का चौदा मजले चढायचं? लिफ्टमध्ये त्यांनी माझा दंड असा धरला की रात्री काळानिळा झाला होता. डोळे गच्च मिटलेले, तोंडाने रामरक्षा. मी गालातल्या गालात हसत होते, पण मलाही वेगळीच धास्ती होती. परबांनी 'माझी लाज चव्हाट्यावर आणलीत' म्हटलं असतं तर? मग नोंदणी राहिली बाजूला, बाईंनी तोंड उघडून पुन्हा कुणाला काही शिकवलं नसतं. मी त्यांना ओळखून होते.

परबांच्या बायकोने दार उघडलं. परब खिडकीपाशी खुर्चीत होते, पंचाहत्तरीच्या आसपासचे, काठी बाजूला, चेहरा तुकतुकीत. बाईंना बघून त्यांनी डावा हात वर केला आणि मोठ्याने म्हणाले, "अरे, तावडेबाई इली!" बोलणं थोडं बोबडं, पण शब्द न शब्द कळत होता.

तावडेबाई खाली बसल्या आणि सवयीने परबवहिनींना म्हणाल्या, "काय निवडायचंय?"

"आता कुठलं निवडायचं हो," वहिनी म्हणाल्या. "सून फोनवरून मागवते. सगळं निवडलेलं, कापलेलं येतं."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. इतकी हवालदिल नजर मी त्यांची कधी पाहिली नव्हती. घरात निवडण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी रिकामे हात एकमेकांत धरले, परबांच्या तोंडाकडे सरळ बघितलं, आणि सगळं सांगून टाकलं. की तुमची गोष्ट मी पोरींना सांगते, नावानिशी सांगते, कितीतरी वर्षं सांगतेय, आणि तुम्हाला विचारलं नाही. चालेल का, आणि नसेल चालत तर आजपासून बंद.

परब ऐकत होते. मग हसायला लागले, खुर्ची हलेपर्यंत.

"माझी गोष्ट? कॉलेजातल्या पोरींका? नाव काय लावल्यात?"

"परबच."

"मगे बरां आसा. बदलू नकात." मग म्हणाले, "पण सांगतास काय ता तरी ऐकया."

तावडेबाईंनी गोष्ट सांगितली. परब मध्ये मध्ये मान डोलवत होते. 'मुंबईच्या आठवणीन कासावीस होऊन' इथे आल्यावर त्यांनी काठी जमिनीवर आपटली.

"चुकीचा सांगतास. मुंबई बिंबई काय नाय."

"मग कित्याक इलास?"

"तुमीच सांगललास म्हणान."

बाईंना काही कळेना. मलाही नाही. परबांनी सावकाश सांगितलं, एकेक शब्द जुळवत. डिस्चार्जच्या दिवशी व्हीलचेअरवरून दारापर्यंत नेताना तावडेबाई सोबत होत्या. गाडीत बसवताना त्या म्हणाल्या होत्या, 'परबानू, काय वाटला तर येवन सांगा.' गावाला सगळे प्रेमाने वागत होते, पण परबांच्या वतीने सगळे आपणच बोलत होते. याला भूक नाही, याला झोप आलीय, याला बरं वाटतंय. फोन होता शेजाऱ्यांकडे, पण त्यांची ती जीभ, फोनवर कुणाला काय कळणार? मग ते तालुक्याला तपासायला म्हणून निघाले आणि मुंबईच्या बसमध्ये चढले.

"माका वाटला," परब म्हणाले, "सांगूक एक माणूस आसा. म्हणान इलंय."

तावडेबाई ते प्रत्येकाला म्हणायच्या. मी शेकडो वेळा ऐकलं होतं. दारापर्यंत पोचवायला जायच्या आणि म्हणायच्या, काही वाटलं तर येऊन सांगा. आपण 'सांभाळून जा' म्हणतो तसं. त्यांना ते वाक्य म्हटल्याचं आठवतही नव्हतं. या माणसाने ते खरं धरलं होतं आणि अर्धं अंग ओढत रात्रभराचा प्रवास केला होता. बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. माझ्याही आलं, खोटं कशाला बोलू. वहिनी घाईघाईने चहा टाकायला गेल्या, आणि परब आपले आमच्याकडे आळीपाळीने बघत विचारत होते, "काय झाला? वायट सांगलंय काय?"

उतरताना बाईंनी लिफ्टमध्ये माझा दंड धरला नाही, विसरल्या असाव्यात.

पुढच्या बैठकीत त्यांनी गोष्टीला सुरुवातच अशी केली, "ही परबांची गोष्ट, त्यांनी स्वतः दुरुस्त केलेली, आणि नाव ठेवा असं त्यांनीच सांगितलंय." प्राध्यापिकाबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं, चष्मा काढून पुसला, आणि फक्त विचारलं की ते वाक्य पेशंटला म्हणताना आता वेगळं वाटतं का. तावडेबाई म्हणाल्या, "हो. आता म्हणताना भीती वाटते. पण म्हणते."

नोंदणी झाली. त्यानंतरच्या गुरुवारी तीन वाजले, मी नकळत दाराकडे बघितलं. टकटक झाली नाही. बाई स्टुलावर बसून कुणाचीतरी चवळी निवडत होत्या. मला चुकल्याचुकल्यासारखं झालं, तेवढ्यात त्या मान न उचलता म्हणाल्या, "मॅडम, चहा सांगा."

रिटायर होईपर्यंत त्या तिथेच बसल्या. कपड्यांच्या स्टोअरमध्ये दुसरं कुणीतरी गेलं आणि सुखात आहे असं ऐकते. गेल्या वर्षी बाईंचा निरोपसमारंभ झाला, मोठे सर्जन इंग्रजीत स्लो बोलले, सगळे हसले. आणि मग कळलं की तावडेबाई गावाला जाणार, कायमच्या. बहिणीचं घर आहे मालवणकडे. ऑफिसात सगळ्यांनी 'वा वा, हवा चांगली' म्हटलं. मला परब आठवले. दुसऱ्या दिवशी मी दादरच्या मंडईतून वालाच्या शेंगा घेतल्या आणि त्यांच्या राहत्या खोलीवर गेले. घरात दुसरं कुणी नव्हतं. अर्धा ढीग त्यांच्यापुढे सरकवला. बऱ्याच शेंगा सोलून झाल्यावर शेंगांकडे बघत विचारलं, "बाई, खरंच जायचंय? का बहीण म्हणते म्हणून?"

त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. माझ्याकडे असं बघितलं की मला माझा पहिला दिवस आठवला.

"शिकलंस गो," त्या म्हणाल्या. मग परत सोलायला लागल्या. "माका जावचाच आसा. इतकी वर्सां बहिणीशी फोनार भांडतंय, आता समोर बसान भांडतलंय. आणि थंय लिफ्ट नाय." त्यांचा चेहरा इतका समाधानी होता की मला पुढे काही विचारावंसं वाटलं नाही.

परळहून संध्याकाळी सुटणाऱ्या बसला मी त्यांना सोडायला गेले. इस्पितळातले बरेच जण आले होते, हमाल, सिस्टर, एकदोन जुने पेशंट. सगळे खिडकीखाली उभं राहून सांगत होते, सांभाळून जा, पोचल्यावर फोन करा, औषधं वेळेवर घ्या. बाई खिडकीशी बसून पिशवी पायाखाली नीट लावत होत्या. ड्रायव्हरने इंजिन चालू केलं तेव्हा मी पुढे झाले.

"तावडेबाई," मी म्हटलं, "काही वाटलं तर येऊन सांगा."

पिशवीवरचा त्यांचा हात थांबला. बस हलली तेव्हा त्या खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडल्या, "माझा स्टूल हलवू नको."

स्टूल तिथेच आहे. नव्या मुली त्याच्यावर फायली ठेवतात आणि मी त्यांना त्या उचलायला लावते.